वेलची घातलेलं रक्त

शहरातल्या महाल भागातल्या त्या सूतिकागृहात मनकर्णा सिस्टरच्या नजरेवर शंका घ्यायची कुणाची छाती नव्हती. बाळ हातात आलं की काट्यावर ठेवायच्या आधीच ती वजन सांगून मोकळी व्हायची, आणि काट्यानं दुसरंच काही दाखवलं तर दुरुस्तीला काटा जायचा. बाई दारातून आत येताना तिच्या चालण्यावरून सिस्टर सांगायची, ही चार वाजता मोकळी होणार, हिला मात्र उद्या उजाडेल. चुकली तर बाईनंच घोळ घातला असं धरलं जायचं.

ही नजर तिला बापाकडून मिळाली होती. हे ती सगळ्यांना सांगायची, आणि कुणी विचारायची वाट बघत बसायची नाही. नरखेडकडे संत्र्याचा बहार झाडावर असतानाच विकला जातो. व्यापारी आले की आधी बगिच्यातून फेरी मारतात आणि झाडावर फळ किती असेल याचा अंदाज बांधतात. त्या कामात तिच्या बापाचा, ताराचंदचा, हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. झाडाभोवती एक चक्कर मारायचा, खांद्यावरचा दुपट्टा सारखा करायचा आणि म्हणायचा, "आठशे." तोडल्यावर मोजली की फळं आठशेच्याच आसपास निघायची.

"झाडावरचे संत्रे मोजनाऱ्याची पोरगी आहो मी," मनकर्णा म्हणायची, "मले काय चादरीवरचं रक्त मोजता येत नाही?"

हे ती नव्या डॉक्टरीणबाईंना ऐकवत होती. डॉ. वैदेही तीन महिन्यांपूर्वी इथं आल्या, वयानं सिस्टरच्या लेकीएवढ्या, बोलायला गोड आणि हट्टाला पक्क्या. येताना त्यांनी एक छोटा डिजिटल काटा आणला आणि प्रसूतिगृहाच्या फळीवर ठेवला. बाळंतपणात पाचशे मिलीच्या वर रक्त गेलं की धोक्याची घंटा समजायची, हे सगळ्यांनाच पाठ होतं. पण ते पाचशे झालं हे ठरवायचं कसं? आजवर ठरायचं ते मनकर्णाच्या नजरेवर. ती चादरीकडे बघायची आणि रजिस्टरात लिहायची, दोनशे, अडीचशे, फार तर तीनशे. वैदेहींचं म्हणणं असं, की नुसत्या नजरेनं बघितलं की मोठमोठ्या डॉक्टरांचाही अंदाज फसतो, आणि जास्त रक्त गेलेलं असलं तर तो हमखास कमीच निघतो. म्हणून बाळ बाहेर आलं की खाली कोरी चादर आणि कोरे पॅड घालायचे, भिजले की सगळे काट्यावर ठेवायचे, त्यांचं कोरं असतानाचं वजन वजा करायचं. उरला तो एक ग्राम म्हणजे एक मिली रक्त.

मनकर्णानं त्या काट्याचं नाव ठेवलं "भाजीवाल्याचा काटा" आणि त्यावर कोऱ्या पट्ट्यांचा गठ्ठा ठेवून दिला.

शेवटी पैज लागली. शुक्रवारी दुपारी चार ठिकाणी खोटं रक्त सांडून ठेवायचं आणि सिस्टरनं नजरेनं सांगायचं किती आहे ते. चारातली तीन बरोबर आली तर काटा स्वयंपाकघरात जाईल. नाही आली तर यापुढं प्रत्येक बाळंतिणीचं रक्त वजन करूनच लिहायचं, आणि पहिलं वजन सिस्टर स्वतःच्या हातानं करणार. एकतीस वर्षं त्या खोलीत जिचा शब्द शेवटचा होता, तिचा शब्द पणाला लागला होता. पण मनकर्णाला त्याची भीती म्हणून नव्हती. उलट तिनं सकाळी केसात मोगऱ्याचा गजरा माळला आणि तशीच ड्युटीवर आली.

खोटं रक्त करायचं काम इंदूबाईकडे आलं. इंदूबाई तिथली आया, आणि हाताला चव असलेली बाई. डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं, साबुदाण्याची पातळ पेज करा, खायचा लाल रंग घाला, जरा काळपट दिसायला चिमूटभर कॉफी टाका. इंदूबाईनं ते सगळं केलं. मग तिच्या मनात आलं, एवढी पेज, आणि अळणी? म्हणून तिनं साखर घातली. साखर घातल्यावर वेलचीवाचून तिला राहवेना. दुपारी बारा वाजता सूतिकागृहाच्या पॅसेजमध्ये लग्नघरासारखा वास सुटला आणि दोन बाळंतिणींच्या सासवा वाटी घेऊन विचारायला आल्या, आज काय आहे जी?

"रक्त आहे," इंदूबाई म्हणाली. सासवा वाटीसकट मागं फिरल्या.

वैदेहींनी दार लावून घेतलं, मापाच्या भांड्यानं मोजून चार ठिकाणी रक्त ओतलं आणि उरलेलं एका स्टीलच्या जगमध्ये घालून बाहेर आणून ठेवलं. तो जग मनकर्णानं स्वतःच्या हातानं स्वयंपाकघरात नेला आणि माश्या बसू नयेत म्हणून त्याच्यावर ताटली झाकली. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढं ती ते सोयीस्कर विसरणार आहे.

दोन वाजता दार उघडलं. बाहेर मे महिना असा तापला होता की कूलरची हवासुद्धा गरम लागत होती. आत एका पलंगावर एकच पॅड ठेवलं होतं, लालभडक भिजलेलं. टेबलावर काठोकाठ नसला तरी चांगला भरलेला मोठा ट्रे होता. दुसऱ्या पलंगावर चादर होती, तिच्या मधोमध मोठा डाग पडलेला. आणि खाली फरशीवर थारोळं होतं, दोन माणसं मांडी घालून बसतील एवढं. फरशीवरच्या त्या रक्ताच्या काठानं मुंग्यांची एक शिस्तशीर रांग लागली होती.

"बाप्पा!" रोशनी किंचाळली. रोशनी नवी नर्स, पोरगी हुशार, पण हसायला लागली की तिला आवरता यायचं नाही. "सिस्टर, पेशंटले शुगर आहे वाटते!"

सगळे हसले. मनकर्णासुद्धा हसली, पण नजर तिनं रक्तावरून हलवली नाही. ती चारही ठिकाणी बापासारखी एकेक चक्कर मारून आली, खांद्यावर दुपट्टा नव्हता म्हणून गजरा सारखा केला, आणि सांगत सुटली. पॅड पन्नास. ट्रे तीनशे. चादर चारशे. फरशी पाचशे.

वैदेहींनी खिशातला कागद काढला. पॅड शंभर. ट्रे पाचशे. चादर आठशे. फरशी एक हजार.

रोशनीनं हसू दाबायला ओढणी तोंडात कोंबली. मनकर्णाच्या कानाच्या पाळ्या त्या थारोळ्यासारख्या लाल झाल्या. एक चुकलं असतं तर तिनं ट्रेच्या आकारावर खापर फोडलं असतं. इथं चारही चुकले होते, आणि सगळे एकाच बाजूला. पॅडवर, चादरीवर आणि फरशीवर तर बरोबर अर्धं.

आणि नेमका त्याच वेळी अंकुश दारात आला. अंकुश अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. उन्हातून आलेला, घामानं निथळलेला, आणि मिशी लालेलाल.

"इंदूबाई," तो म्हणाला, "शरबत अजून आहे का जी? लय मस्त झालं होतं. जरा गचगच लागते, पन वेलची मस्त."

कुणाला काही कळायच्या आत मनकर्णा त्याच्यासमोर उभी होती.

"किती पेला?"

"दोन गिलास, सिस्टर."

"खरं सांग."

"चार," अंकुश म्हणाला. "मोठे."

"पाहा मॅडम!" मनकर्णा गर्रकन वळली. तिचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला असेल. "मालच कमी होता! यानं अर्धं रक्त पेऊन टाकलं, मग माहा अंदाज अर्धा येईल नाही तर काय येईल? जेवढं होतं तेवढंच मी सांगितलं!"

अंकुशनं हातातल्या रिकाम्या गिलासाकडे बघितलं. "रक्त?" तो म्हणाला, आणि दाराच्या चौकटीला धरून हळूहळू खाली बसला. रोशनीची ओढणी तोंडातून सुटली. ती पलंगाचा गज धरून हसायला लागली, तिच्यापाठोपाठ बाकीच्या आया, आणि शेवटी वैदेहीसुद्धा चष्मा काढून डोळे पुसू लागल्या. कुणीतरी अंकुशला समजावत होतं की ही साबुदाण्याची पेज आहे, उपासालासुद्धा चालते. इंदूबाईनं मात्र तोंड उघडलं. "पन सिस्टरबाई, थे तर उरलेलं," एवढं ती म्हणाली, आणि मनकर्णानं तिच्याकडे असं बघितलं की इंदूबाईचं तोंड जसं उघडलं तसं मिटलं.

"ठीक आहे," वैदेही कशाबशा म्हणाल्या. "आजचं रद्द. सोमवारी पुन्हा. तोवर तुमचंच खरं, सिस्टर."

मनकर्णा खोलीतून बाहेर पडली ती निवडणूक जिंकल्यासारखी. पॅसेजमध्ये भेटेल त्याला तिनं हकिगत सांगितली, आणि प्रत्येक वेळी अंकुशचा एक गिलास वाढत गेला. सांगून सांगून घसा कोरडा पडला तेव्हा गार पाणी प्यायली.

साडेतीनला कामठीची उन्नती टेबलावर आली. पहिलं बाळंतपण, बावीस वर्षांची बारीकशी पोरगी, नवरा पॉवरलूमवर कामाला. सोबत तिची आई, जी लेकीपेक्षा मोठ्यानं ओरडत होती. मनकर्णानं आईला बाहेर बसवलं, पदर खोचला आणि कामाला लागली. इथं तिला खरंच तोड नव्हती. "लाव जोर वं माय, लाव, आली पाह्य, आली!" आणि चार वाजून दहा मिनिटांनी एक मुलगी जगात आली. येताच तिनं असा सूर लावला की बाहेरची आजी गप्प झाली.

"दोन किलो आठशे," मनकर्णा म्हणाली. काट्यानं दोन किलो सातशे नव्वद दाखवलं. रोशनीनं टाळ्या वाजवल्या. सगळं कसं छान चाललं होतं.

वार पडली. रोशनीनं मॅडमनी शिकवल्याप्रमाणे कोरी चादर आणि पॅड खाली घातले. रक्त येत होतं, पण धो धो म्हणावं असं काही नव्हतं. बारीक धार, थांबतेय न थांबतेय अशी. पहिलं पॅड भिजलं, दुसरं भिजलं, चादरीवर डाग पसरला. मनकर्णानं सवयीनं नजर टाकली आणि नजरेनं सवयीनं उत्तर दिलं. तीनशे. तिनं रजिस्टर ओढलं, पेन हातात घेतलं, तारीख लिहिली, उन्नतीचं नाव लिहिलं. आता फक्त आकडा घालायचा राहिला होता.

पेन तिथंच थांबलं.

कारण चादरीवरचा हा डाग तिनं दोन तासांपूर्वी पाहिला होता. जरा मोठा, पण असाच पसरलेला. तिनं चारशे म्हटलं होतं आणि ते आठशे होतं. अंकुशनं प्यायलं ते जगमधलं होतं, आणि जगवर ताटली तिनंच झाकली होती. चादरीवरचा एक थेंबही कुणी प्यायलेलं नव्हतं. साऱ्या पॅसेजला ती थाप मारू शकली होती. पण आता टेबलावर उन्नती होती, ओठ पांढुरके, आणि विचारत होती, "सिस्टर, थंडी काहून वाजून राहिली मले?" मेच्या दुपारी.

मनकर्णानं पेन टाकलं. एक हात उन्नतीच्या पोटावर ठेवला. गर्भाची पिशवी घट्ट लागायला हवी होती, ती मऊ लागली. ती जोरानं चोळू लागली.

"रोशनी! काटा आण."

"कोनता काटा?"

"भाजीवाल्याचा वं! पळ!"

रोशनीनं पट्ट्यांचा गठ्ठा भिरकावला, काटा काढला, भिजलेलं सगळं ट्रेमध्ये गोळा करून वर ठेवलं आणि ओरडली, "सिस्टर! एक हजार सहाशे चाळीस!"

मनकर्णानं मान वळवून काट्याकडे पाहिलं. "ट्रेसकट मोजून राहिली काय वं, येडे?"

"हो!"

"ट्रे काढ! कोऱ्याचं वजन वजा कर!"

रोशनीनं तळहातावर पेनानं गणित मांडलं. ट्रे गेला सहाशे. उरलं एक हजार चाळीस. कोरं कापड आणि पॅड तीनशे साठ. "सहाशे ऐंशी," ती म्हणाली. या वेळी ओरडली नाही.

सहाशे ऐंशी. आणि धार चालूच होती.

पुढची वीस मिनिटं कुणालाच फुरसत नव्हती. वैदेही जिन्यावरून दोन दोन पायऱ्या गाळत आल्या. पिशवी आवळायचं इंजेक्शन गेलं, सलाईन लागलं, रक्त थांबवायचं दुसरं इंजेक्शन गेलं. अंकुश बोलवायच्या आधीच गाडी दाराशी लावून उभा होता, मिशी अजून लालच. मनकर्णाचा हात पोटावरून हलला नाही. मनगट भरून आलं तरी ती चोळत होती आणि एकसारखी बोलत होती, "इकडे पाह्य, माह्याकडे पाह्य, पोरीचं नाव काय ठेवतं? सांग न, काय ठेवतं?" उन्नतीनं पाच नावं सांगितली, त्यातली दोन मुलग्यांची होती. आणि मग हाताखाली ती पिशवी हळूहळू घट्ट होत गेली, संत्र्याएवढी नाही, चांगली नारळाएवढी, टणक. धार थेंबांवर आली आणि थेंब थांबले.

रोशनीनं शेवटचं वजन केलं. एकूण सातशे साठ.

"थांबलं," वैदेही म्हणाल्या, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून उगाचच हसू लागल्या. रोशनीही हसू लागली. दोघींनाही आता कशाचंही हसू येत होतं, तळहातावरच्या गणिताचं, अंकुशच्या मिशीचं, वजा केलेल्या ट्रेचं. "सिस्टर, वेळेवर वजन केलंत. अजून अर्धा तास तीनशेवर बसलो असतो तर या पोरीला घेऊन गाडीतून पळत सुटावं लागलं असतं."

"मॅडम," मनकर्णा म्हणाली. तिला हसू येत नव्हतं. "अंकुशनं पेलं थे उरलेलं होतं. जग मीच झाकला होता. माहीच नजर अर्धी आहे."

"मला माहीत आहे," वैदेही म्हणाल्या. "ओतलं मीच ना मोजून. जगही मीच बाहेर ठेवला."

"मंग बोलल्या काहून नाही?"

"काय बोलणार? तुम्ही इतक्या जोरात जिंकलात, मध्ये बोलायला जागाच ठेवली नाही. म्हटलं, सोमवारी शांतपणे हरवू."

"मलेही मालूम होतं," दारातून इंदूबाई म्हणाली. "पन डोळे कशे वटारले होते बाईनं!"

आता मात्र मनकर्णालाही आवरेना. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबायचं नाव घेईना, तेव्हा रोशनीनं तिला पाणी आणून दिलं. रजिस्टरात त्या रकान्यात मनकर्णानं स्वतःच्या हातानं लिहिलं, ७६०. मागच्या पानांवर तिच्याच अक्षरात होते दोनशे, अडीचशे, तीनशे, दोनशे, तीनशे. तिनं रजिस्टर मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वॉर्डात फेरीला आली तेव्हा उन्नतीची आई लेकीला धारेवर धरून होती.

"ऊठ न वं! किती लोळून राहिली? आमच्या टायमाले दुसऱ्या दिवशी आंगन झाडत होतो आम्ही. सिस्टर, तुम्हीच सांगा न इले. चक्कर येते म्हनते. नाटकं आहेत नुसती."

मनकर्णा पलंगाशी थांबली. ही वाक्यं तिला पाठ होती, कारण ती तिचीच होती. एकतीस वर्षं ती रोज सकाळी याच पलंगांमधून टाळ्या वाजवत फिरली होती, उठा उठा, काही झालं नाही तुमाले. एकदा एक पोरगी उठली होती आणि बाथरूमच्या दारात कोसळली होती. कोंढाळीची होती. सिस्टरनं तिला वर उचलता उचलता झापलं होतं, खात-पीत नाही, आन् मंग पडते! त्या पोरीच्या नावापुढंही तीनशेच लिहिलेलं असणार. ती रडत रडत म्हणाली होती, चुकलं सिस्टर.

"सिस्टर," उन्नती उशीवरून म्हणाली, "मी उठतो. थोडा टाइम द्या फक्त."

"कोनी नाही उठायचं," मनकर्णा म्हणाली. ती आईकडे वळली. "सातशे साठ गेलं इचं. मोजून सांगून राहिली मी, अंदाजानं नाही. इतकं रक्त गेल्यावर नाटक नाही करत पोरगी."

आईनं लेकीच्या पायावर पांघरूण ओढलं. उन्नतीनं ओठ घट्ट मिटले, आणि मग तिला रडूच फुटलं, बरं वाटल्याचं. "म्हनजे मले खरंच होऊन राहिलं न, सिस्टर?"

मनकर्णानं पलंगाच्या कडेवर बसून तिच्या मानेखाली हात घातला आणि चहाचा कप तिच्या तोंडाला लावला. थोडा चहा उशीवर सांडला. "हो वं माय," ती म्हणाली. "खरंच होऊन राहिलं. चूक माही होती." उन्नतीला वाटलं, सिस्टर चहा सांडल्याबद्दल बोलतेय. ती म्हणाली, राहू द्या जी, एवढं काय, पुसून टाकू.